दार नसलेलं दुकान

सांगलीत आमचं अंत्यविधीच्या सामानाचं दुकान आहे. पणजोबांनी ते बांधताना समोर तीन दगडी कमानी ठेवल्या, पण दार बसवलंच नाही. मयतीचं माणूस कधीही येतं. बांबू उभे राहावेत म्हणून छत देवळासारखं उंच केलं. याच दुकानाच्या जिवावर मी घरातली पहिली पदवीधर झाले.

एका दुपारी दोन भाऊ वडिलांच्या तिरडीचं सामान न्यायला आले आणि मडकं कुणी धरायचं यावरून पेटले.

"थोरला मी हाय," फौजेतून आलेला म्हणाला.

"म्हाताऱ्याचं हागणंमुतणं मी काढलं. तवा कुठं हुतास रं, सायेब?"

थोरल्यानं मडकं धाकट्याच्या कपाळावर फोडलं. धाकटा रक्तबंबाळ होऊन कोसळला. बाबा मध्ये पडले, तर थोरल्यानं त्यांनाही कमानीच्या दगडावर ढकललं. त्यांचा दात पडला. मग बांबू उचलून तो धाकट्याच्या पाठीत हाणत सुटला. हा आता मरणार, असंच मला वाटलं.

आई ओरडली, "तिरडीला दोन बांबू लागत्यात, ते बांधून झाल्यात. ह्यो तिसरा कुणासाठी उचललास? सांग, त्याच्याबी मयताचं कापड फाडते!"

थोरल्याचा हात वरच थांबला. उचललेला बांबू परत ठेवला की घरात दुसरं मरण येतं, असं आमच्याकडे मानतात. त्याला तो खाली टाकवेना.

आईनं नवं मडकं काढलं आणि धाकट्याला उठवून त्याच्या हातात दिलं.

"ह्याचा हात रिकामा न्हाई," ती म्हणाली. "तू धर."