तारमामांची उलटी फेरी

गावभर बातमी एकच: तारमामा रविवारी सकाळी झिंगून जुन्या बँकेसमोर उताणे पडले. दूधवाल्याने त्यांच्या हातात एक बाटली पाहिली, वाण्याने दोन, आणि न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत पोचेतो मामांच्या खिशातून अख्खा गुत्ता निघाला.

खरं इतकंच, की बाटलीत पाणी होतं आणि बँकेला खांब नव्हता.

मामा तारघरात तीस वर्षं कारकून होते. निवृत्तीनंतर दर रविवारी ते येईल त्याला जुन्या पेठेतल्या सात इमारती फुकट दाखवत. लोकांकडे तोंड करून बोलायचं, म्हणून स्वतः उलटे चालत. मान वळवायची नाही, पावलं पाठ. घड्याळवाल्याच्या माडीपासून चाळीस, मग गटाराची फट, मग बावीस, की पाठ टेकायला बँकेचा दगडी खांब. "हात लावा मंडळी, लाजू नका! दगड आहे, चावत नाही!" यातलं 'नाही' खास नाकातून.

मामी म्हणायच्या, "भुताची नुसती पावलं उलटी असतात. आमच्याकडे अख्खा माणूस!"

वर्षांमागून वर्षं एकेक करत पाच इमारती पाडल्या गेल्या. बँक पुढच्या महिन्यात पाडणार होते, पण खांब गुरुवारीच काढला. मामांना कुणी कळवलं नाही. रविवारी बावीस पावलं मोजून त्यांनी बिनघोर पाठ टेकली, ती हवेला. दोन पाहुण्यांना वाटलं, कार्यक्रमच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

उरलं तारघर. मामांना बघायला घरी आलेले नगरपालिकेतले साहेब म्हणाले, "बघायला येतं तरी कोण, मामा? येत्या रविवारी दहा माणसं दाखवा, पाडायची फाइल थांबवतो."

"एकही यायचं नाही," मामा अंथरुणातून म्हणाले.

"दहा येतील!" मामांची हुबेहूब नक्कल करणारी भाची, म्हणजे प्रस्तुत लेखिका, म्हणाली.

"दहा राहू दे. एक आला तरी तू जिंकलीस. घरचे धरायचे नाहीत. हरलीस तर माझी नक्कल कायमची बंद."

"कबूल, मंडळी!" ती मामांसारखंच नाकातून म्हणाली, टाळी दिली, आणि आठवडाभर दुकानादुकानांत चिठ्ठ्या चिकटवल्या.

रविवारी आठला मामा कमरेला पट्टा, वर इस्त्रीचा शर्ट घालून पेठेच्या तोंडाशी उभे राहिले.

"आज परत पडून दाखवणार का?" चहावाल्याने विचारलं. मामा हसले. नऊ वाजले. साडेनऊला एक बाई थांबल्या. मामांनी घसा खाकरला.

"औषधांचं दुकान कुठे हो?"

मामांनी नीट सांगितलं.

"ही धरायची?" भाचीने हळूच विचारलं.

"नाही."

दहा वाजता मामा वळले आणि त्या रस्त्यावर निवृत्तीनंतर पहिल्यांदाच सरळ चालू लागले. समोरून येणारा रस्ता त्यांना ओळखीचा वाटेना. इतकी वर्षं न बघता ओलांडलेल्या फटीत पाय अडकला. भाचीने दंड धरला.

तारघर आलं. मामांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मामा, काहीतरी बोल ना."

"पैजेचं काय?"

"हरले," ती म्हणाली. स्वतःच्याच आवाजात.