धुतलेली वाळू

अंगणवाडीतला पाण्याचा फिल्टर मी घासूनपुसून लख्ख केला आणि त्याचा जीव घेतला. कबुली आधीच देऊन टाकते, कारण नातवंडांना अजून वाटतं, आजी फार हुशार इंजिनिअर होती. तेव्हा मलाही तसंच वाटायचं. सत्तावन्न वर्षांची, कॉलेजात सिव्हिलची प्राध्यापक, आणि अक्कल गारखेड्याच्या घरी ओट्यावर ठेवून आलेली.

तिसऱ्या वर्षाच्या माझ्या चार विद्यार्थिनींनी अभ्यासाचा भाग म्हणून दौलताबादच्या पुढं एका गावात तो बसवला होता. निळं पिंप, खाली खडी, वर वाळू. विहिरीचं पाणी वरून ओतायचं, खाली तोटीला नितळ यायचं. खरं काम करायचा तो वाळूवरचा बुळबुळीत थर. त्यातले जिवाणू पाण्यातले रोगजंतू खातात. तो जमायला तीन आठवडे लागतात. हे वर्गात मीच शिकवलेलं.

कॉलेजची कमिटी येणार त्याच्या आदल्या दिवशी मी एकटीच पाहणीला गेले. झाकण काढलं तर हिरवट चिकटा. पाहुणे यायचे आणि भांडं असं? मी पदर खोचला.

अंगणवाडीच्या ताई चाचरत म्हणाल्या, "मॅडम, पोरी म्हणल्या व्हत्या, वरची वाळू हलवायची नाय."

"त्या पोरींना शिकवलं कुणी?" मी म्हटलं, आणि वाळू तीन पाण्यांनी धुतली.

दुसऱ्या दिवशी कमिटीपुढं माझीच विद्यार्थिनी तक्त्यावर बोट ठेवून सांगत होती, "हा थर निघाला, तर पाणी नुसतं नितळ दिसतं. पिण्यालायक नसतं."

तोच थर काल मी धुऊन टाकला होता. भिंतीला टेकून लेकरं बसलेली, प्रत्येकाच्या हातात भरलेला पेला. मागच्या पावसाळ्यात त्यातल्याच तिघांना जुलाबानं सलाईन लागलं होतं. बोलावं तर चार पोरींची वर्षभराची मेहनत पाण्यात, आणि माझी अब्रूही.

"प्या रे बाळांनो," प्राचार्य म्हणाले.

टोकाच्या मुलीनं पेला ओठांशी नेला. मी तो धरला. "कुणी प्यायचं नाही. काल मी वाळू धुतलीय."

प्राचार्य चष्मा पुसत राहिले. विद्यार्थिनीनं माझ्याकडं पाहिलंच नाही.

कमिटीच्या गाड्या गेल्या. मी मागं वळले, तर ताई तेच पेले पुन्हा लेकरांच्या हातात देत होत्या. मी धावले.

ताई म्हणाल्या, "बसा मॅडम. ह्ये फिल्टरचं नाय, सकाळी घरून उकळून आणलंय. तुम्हाला अडवायची हिंमत नव्हती, पण लेकरांना त्ये पाजायची बी नव्हती."