खाऱ्या विहिरीवरच्या दोन ओळी

मिठावर सतत पाळत ठेवून असलेला माणूस माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांखेरीज मी दुसरा पाहिलेला नाही. दाजी शेतकी खात्यात होते, सोलापुरात सात रस्त्याजवळ राहत, आणि जिल्ह्यातल्या विहिरी नावापेक्षा चवीने ओळखत. कुठेही गेले की पाण्याचा पहिला घोट तोंडात खेळवायचा, डोळे मिटायचे, आणि घरची माणसं चहाचं विचारेपर्यंत हे परसातल्या विहिरीत डोकावत असायचे. मैंदर्गीला एका लग्नात ते असेच भर पंगतीतून उठले. वरपक्षाचा माणूस ताटावरून उठला म्हणजे रुसलाच, असं समजून मुलीचे वडील घाबरेघुबरे मागे धावले. "उप्प जास्त आतेन्री?" असं कानडीत विचारून त्यांनी भाजीत मीठ जास्त पडल्याचं स्वतःच कबूल करून टाकलं आणि वर दाजींच्या खांद्यावर नवंकोरं उपरणं घातलं. दाजी विहिरीवर वाकलेले. "भाजीचं सोडा हो," ते म्हणाले, "या पाण्यावर मोसंबी तेवढी लावू नका." उपरणं मात्र घेऊन आले.

मोसंबीचं झाड म्हणजे खरं तर दोन झाडं, हे मला त्यांनीच शिकवलं. खाली एका जातीचा खुंट, आणि त्याच्यावर मोसंबीचा डोळा भरायचा. रोपवाटिकेतून सगळ्यांना मिळायचा तो जंबेरी लिंबाचा खुंट, आणि दाजींचा राग होता तो नेमका जंबेरीवर. "जंबेरी भोळी," ते म्हणायचे. "पाण्यातला क्षार दारात आला की या, बसा म्हणते. तो चढतो पानात, आणि पानांची टोकं करपतात. रंगपूर लिंबाचा खुंट खमका. उंबऱ्यावरच अडवतो." एकाच मातीत, एकाच पाण्यात उभं राहून एक मूळ क्षाराला आत घेतं आणि दुसरं अडवतं, ते कसं, हा प्रश्न ते मला, दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला, सगळ्यांना विचारत. एकदा मी वैतागून म्हटलं, "दाजी, मुळाला जीभ असते का?" ते इतके खूश झाले की तासभर उत्तरच देत बसले. मला शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्या दिवसापासून रस्त्याने जाताना मीही झाडांची पानं उलटून बघायला लागलो.

साहेब लोक मात्र पुरावा मागत. म्हणून दाजींनी मंद्रूपला एका शाळासोबत्याच्या शेतात दोन ओळी लावल्या होत्या. आठ झाडं जंबेरीवर, आठ रंगपूरवर. विहीर अशी खारट की बैलसुद्धा तोंड वाकडं करायचा. अट एकच, दोन्ही ओळींना याच विहिरीचं पाणी. मित्र सोलापुरात गिरणीत कामाला, शेत बघायची त्याची बायको. दाजी दर महिन्याला एसटीने जायचे आणि उशीच्या अभ्र्यात पानं भरून आणायचे. पानं धुवायची, पलंगावर वाळवायची, मग कचेरीत नेऊन त्यांतला क्षार मोजायचा. "आमच्याकडे पाहुणे आले तर उभे राहतात," बहीण म्हणायची, "पलंगावर पानं निजलेली असतात." दाजींच्या निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. तेवढ्यात अहवाल गेला, तर खाऱ्या विहिरींच्या गावांना रंगपूरवरची रोपं मिळणार होती. नाही गेला, तर त्यांच्यामागे तो प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं.

आणि पाचव्या वर्षी जंबेरी हिरवीगार झाली. पानांत क्षार नावालाच. दाजींचं जेवण तुटलं. "आयुष्यभर चुकीचं बोललो की काय मी?" म्हणाले, आणि मला बरोबर घेऊन मंद्रूपला निघाले. तिथे त्यांनी दोन्ही ओळींखालची चिमूट चिमूट माती जिभेवर ठेवली. रंगपूरखालची खारट लागली, जंबेरीखालची सपक. त्यांनी मित्राच्या बायकोला हाक मारली.

"वैनी, या ओळीला पाणी कुठलं घालता?"

"गावातल्या आडाचं, गोडं," त्या अगदी मोकळेपणाने म्हणाल्या. "तुमी हिरीचं घाला म्हनला, ते त्या वळीला घालते की. पन ही वळ लई करपाय लागली हुती. म्हनलं भावजी येत्यात, झाडं वाळल्याली बगून वाईट वाटंल त्यास्नी. दोन वरसं झाली, रोज चार खेपा करते."

"व्हय," दाजी म्हणाले. "बरं केलंत."

परतताना एसटीत त्यांनी हिशोब मांडला. रंगपूर खाऱ्या पाण्यावर तगलाच होता, पण शेजारी जंबेरी करपलेली दाखवल्याशिवाय साहेब मानणार नव्हते. आजपासून विहिरीचं पाणी सुरू केलं, तर वर्षात पानं बोलतील. वहिनींना तेवढं सांगायचं, की हे गोडं पाणी बंद करा आणि ही ओळ करपू द्या. पुढच्या रविवारी ते त्यासाठी एकटेच गेले. संध्याकाळी मी स्टँडवर वाट बघत होतो.

"सांगितलंत?"

"घागर घेऊन येत होती ती," दाजी म्हणाले. "मी बोलणार, तेवढ्यात म्हणाली, भावजी, जरा हात लावा की."

"मग?"

"मग काय. लावला हात. उरलेल्या दोन खेपाही मीच केल्या."

अहवाल गेला नाही. दाजी निवृत्त झाले, आणि जिल्ह्यात जंबेरीचीच रोपं वाटली जात राहिली. मला फार वाईट वाटलं. एका माणसाची पाच वर्षं होती ती, आणि किती गावांच्या विहिरी. पुन्हा जाऊन सांगा, वेळ आहे अजून, असं त्यांना म्हणावं म्हणून निवृत्तीआधी मी दोनतीनदा त्यांच्या घरी गेलो होतो. दर वेळी चहा पिऊन परत आलो.