धाग्यानं बांधलेली डॅनिश

ये बाई, जवळ सरक. मावशीले डॅनिश येते ही थाप आहे, असं साऱ्या सौंसर गावात सांगून राहिली म्हणे तू? ऐक मग.

माझा लेक डेन्मार्कात राहते, सून तिकडलीच. चार वर्षांची नात फक्त डॅनिश बोलते. फोनवर मी मराठीत लाड करायची अन् ती उठून पळून जायची. शेवटी म्हटलं, आपणच शिकू.

त्या भाषेत नामांचे दोनच गट. काहींच्या आधी 'एन' लागते, काहींच्या आधी 'एट'. मी आपली त्यात पुरुष अन् बाई शोधून राहिली होती. पण तिथं मुलगाही एन, मुलगीही एन. खुर्ची एन, टेबल मात्र एट! लेकाले विचारलं, "असं कावून?"

"कारणबिरण काही नाही, आई. शब्दासोबतच पाठ कर."

मग पांढुर्ण्याच्या बाजारातून दोन रंगांचा दोरा आणला. एनले लाल, एटले पांढरा. दार, खिडकी, कप, गिलास, सगळ्याले बांधला. शेजारीण म्हणे, "काय वो काकू, कोण्या बाबाचे धागे हे?"

म्हटलं, "बाबाचे नाही, डेन्मार्कचे!"

काही महिन्यांनी नात व्हिडिओ फोनवर एकेक वस्तू धरून "एन का एट?" विचारू लागली. मी एकही चुकली नाही. ती टाळ्या पिटत तिच्या आईले डॅनिशमध्ये ओरडली, "आजीले येते!" अन् मले ते समजलं. त्या दिवशी ती पळाली नाही, बोलतच बसली.

खरं वाटत नसंल तर रविवारी ये. तिचा फोन येते तेव्हा माझ्या बाजूले बस. लवकर ये वो बाई.