परवान्याबाहेरचे मासे

त्या आराखड्याचा मला आजही राग येतो. गुळगुळीत कागदावर छापलेला आहे आणि त्यात माझा आलेख आहे. मुखपृष्ठावर नदीचा फोटो आहे, माणूस एकही नाही.

जपानमधल्या २०११च्या भूकंपानंतर काही वर्षांनी मी तिथल्या सेंदाईच्या विद्यापीठात पोस्टडॉक करत होते. त्सुनामीने धुऊन नेलेल्या किनाऱ्यावर तोवर सिमेंटच्या भिंती उठल्या होत्या, आणि भिंत बांधली की माणसांचं सगळं ठीक झालं असं मानणाऱ्या तज्ज्ञांचा सुळसुळाट झाला होता. त्यांतलाच टोकियोचा एक सल्लागार उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या आइनू या मूळ रहिवाशांच्या एका वस्तीसाठी हवामानबदलाला तोंड देण्याचा आराखडा करत होता. तिथल्या नदीचं तापमान मोजायला आमच्या सरांनी मला पाठवलं.

वस्तीच्या संस्थेचे अध्यक्ष सत्तरीचे होते. पहिल्या भेटीत त्यांनी मला बसासुद्धा म्हटलं नाही. विद्यापीठवाल्यांनी पूर्वी आमच्या पूर्वजांची हाडं उकरून नेली, तुम्ही काय न्यायला आलात, असं त्यांनी सरळ विचारलं. पाण्याचं तापमान, मी म्हणाले. ते हसले नाहीत. हाडं नेणाऱ्यांच्या रांगेत मला कशाला उभं करता, असं मनात आलं आणि मी बरेच दिवस त्यांच्यावर डूख धरून होते.

त्यांची मागणी मात्र एकच होती. शरद ऋतूत समुद्रातून नदीत चढणारा पहिला सॅमन पकडायचा, अग्नीपुढे ठेवायचा आणि पाहुण्यासारखं त्याचं स्वागत करायचं, हा त्यांचा विधी. पण नदीत सॅमन धरायला सरकारी परवाना लागतो. बापजाद्यांची नदी असली तरी लागतो. परवान्यावर तारखा असतात. समुद्र तापला, मासे उशिरा येऊ लागले, तारखा होत्या तिथेच राहिल्या. त्या पुढे सरकवा, एवढं एक वाक्य त्यांना आराखड्यात हवं होतं.

शेवटच्या बैठकीत सल्लागाराने माझाच आलेख भिंतीवर दाखवला. मासे उशिरा येतात हे त्याने माझ्या आकड्यांवरून पटवून दिलं आणि मग उपाय सांगितला. विधीच्या दिवशी शीतगृहातला मासा पुरवायचा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तारखाच का हलवत नाही, असं मी भर बैठकीत विचारलं. तिथे असं विचारत नाहीत, जे काय असेल ते आधीच एकेकाला गाठून ठरवायचं असतं. पण मी पुण्याची, बैठक भांडायलाच असते असं समजून वाढलेली. आराखडा करून घेणाऱ्या सरकारी कार्यालयाचे विभागप्रमुख अतिशय नम्रपणे म्हणाले की परवाने मत्स्य विभागाकडे असतात, ही हवामानाची बैठक आहे. सरांनी टेबलावरचा चहा उचलून तोंडाला लावला.

मग विभागप्रमुखांनी रिवाजाप्रमाणे कोणाची हरकत आहे का विचारलं. हा प्रश्न तिथे उत्तरासाठी नसतोच.

"माझी आहे," अध्यक्ष म्हणाले.

विभागप्रमुखांनी कमरेत वाकून त्यांच्या मोलाच्या मताबद्दल आभार मानले आणि पुढच्या विषयाला हात घातला. आराखड्यात छापून आलं की स्थानिकांशी सविस्तर चर्चा झाली. माझा आलेख तरी काढा म्हणून मी सरांशी भांडले. आलेख प्रयोगशाळेचा आहे, असं म्हणून त्यांनी हात झटकले.

पुढच्या शरदात विधीला मी गेले. परवाना जुन्याच तारखांचा होता. वस्तीतली माणसं सकाळपासून होडी घेऊन फिरली आणि रिकामं जाळं घेऊन परत आली. काठावर विभागप्रमुखांच्या माणसांनी थर्मोकोलचा पांढरा खोका आणून ठेवला होता, वर कार्यालयाची पट्टी चिकटवलेली. अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. अग्नीपुढची माशाची जागा रिकामी ठेवून त्यांनी आपल्या भाषेत प्रार्थना म्हटली. मग खोका घेऊन आलेल्या साहेबांना कळावं म्हणून शेवटचं जपानीत म्हटलं.

"मासे उशिरा आलेले नाहीत. आम्हाला लवकर यायला लावलंय."

खोका आला तसाच गाडीतून परत गेला.

परवाना संपून काही आठवडे झाले आणि मासे आले. मी कमरेपर्यंतचे रबरी बूट घालून पाण्यात उभी होते, कारण आमच्या प्रयोगशाळेला संशोधनासाठी वेगळा परवाना होता आणि तो अजून चालू होता. होय, मला चालत होतं. अध्यक्षांनी जाळं टाकलं असतं तर तो गुन्हा होता. ते काठावर हात खिशात घालून उभे होते.

माझ्या जाळ्यात एक चांगला दांडगा मासा आला. मी तो दोन्ही हातांनी धरला आणि काठाकडे गेले. सरांचा, त्या सल्लागाराचा, सगळ्यांचा राग त्या क्षणी माझ्या हातांत होता. आजूबाजूला कोणी नाही, घ्या हा, मी म्हणाले.

त्यांनी हात खिशातून काढले नाहीत.

"ते खोक्यातून देत होते," ते म्हणाले. "तुम्ही जाळ्यातून देताय."

मासा हातात तडफडत होता. मी वळले, त्याची लांबी मोजली आणि त्याला सोडून दिलं. तो दगडांमधून वर निघून गेला, आणि अध्यक्ष तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला, कारण ते खरं बोलले होते.