बोल्टांच्या भोकांतलं पोटॅशियम

आमच्या सरांवर मी सूड कसा उगवला, ते सांगते. सूडच म्हणते. न्याय वगैरे शब्द भाषणात ठीक असतात. मला त्या माणसाला चारचौघांत खाली मान घालायला लावायची होती, बस्स.

भोपाळच्या एका प्रयोगशाळेत मी सिलिकॉनचे डिटेक्टर जोडते. विश्वातलं बरंचसं वस्तुमान दिसतच नाही, त्याला डार्क मॅटर म्हणतात. त्याचा एखादा कण सिलिकॉनच्या चकतीला धडकलाच, तर तो पकडायचा, हा आमचा उद्योग. अजून कुणालाच तो सापडलेला नाही. त्यामुळे आमचं अर्धं आयुष्य कण शोधण्यात नाही, घाण शोधण्यात जातं. धुळीत, घामात, अहो केळ्यातसुद्धा किंचित किरणोत्सर्गी पोटॅशियम असतं. माणसाला त्याने काही होत नाही, पण डिटेक्टरजवळ शिंतोडा जरी पडला तरी खोट्या सिग्नलांचा नुसता धुमाकूळ. म्हणून हातमोज्यांवर हातमोजे, टोपी, मास्क. असं सगळं चढवून मी चार वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक तारा जोडल्या.

मग ते डिटेक्टर ज्या तांब्याच्या पेटीत बसवले होते, ती दूरच्या एका खाणीत, जमिनीखाली खोल नेऊन बसवली. जागा तयार करायला मीच महिनाभर आधी गेले होते. पेटी चालू केली आणि धुमाकूळ सुरू. खूण सरळ पोटॅशियमची. देशभरातली माणसं व्हिडिओवर बसलेली असताना सर, म्हणजे आमचे प्रमुख, हसत म्हणाले, "मैडम के हाथ का पसीना होगा, और क्या!"

झालं. चौकशी नाही, काही नाही. संशोधनाच्या पेपरवरून माझं नाव गेलं आणि माझ्या गळ्यात स्टोअरची जबाबदारी पडली. कँटीनमध्ये पोरं मला 'पसीना मैडम' म्हणायला लागली, तेही मला ऐकू जाईल असं. मी मूग गिळून बसले. मनात मात्र रोज त्या मेल्याचं वाटोळं करत होते.

दोन वर्षांनी पेटी उघडून परत आली ती माझ्याच स्टोअरमध्ये. मी कुणाला विचारलं नाही. पेटीचा गोल तळ ओल्या कागदाने पुसला, आधी सपाट भाग, मग बोल्टांची भोकं, आणि दोन्ही कागद वेगवेगळे मोजणीला लावले. सपाट भाग स्वच्छ निघाला आणि भोकांत पोटॅशियमच पोटॅशियम. माझ्या करंगळीचं टोकही ज्या भोकात जात नाही, तिथे माझा घाम कसा जाईल? काहीतरी पातळ ओघळून आत गेलं होतं.

तो तळ माझ्या बाबांनी घडवलेला. बाबा इथल्या मोठ्या कारखान्यात टर्नर होते. रिटायर झाल्यावर सोनागिरीतल्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये लेथवर जायचे, आणि आमच्या लॅबचं ते काम त्यांनी हौसेने केलं होतं; ते माझे बाबा, हे मात्र लॅबमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी इंद्रपुरीच्या घरी चहा घेताना मी सहज विचारलं, "बाबा, तळावर कधी काही सांडलं होतं का हो?"

"छे. चकचकीत करून दिला होता. हां, तू आधीच तिकडे गेली होतीस, पेटी खाणीकडे निघाली त्या दिवशी नारळाचं पाणी सांडलं तेवढंच."

"कसला नारळ?"

"अगं, नारळ फोडल्याशिवाय मशीन कधी चालू करतात का? मीच घेऊन गेलो होतो. सरांनी तळाच्या कडेवरच फोडला. मी लगेच पुसलं की रुमालाने." आणि कौतुकाने फोनमधला फोटो दाखवला. हसणारे सर, हातात फुटलेला नारळ, शेजारी ताट धरून बाबा.

नारळाच्या पाण्यात पोटॅशियम ठासून भरलेलं असतं, हे सरांना माहीत नव्हतं होय? सगळं माहीत असून माझ्या हातांवर ढकललं! चोराच्या उलट्या बोंबा. मी टाळ्या पिटत नाचायची तेवढी बाकी होते. मी सगळं सांगितल्यावर बाबांचा चेहरा मात्र पडला. "म्हणजे तुझं नाव माझ्या नारळापायी गेलं?"

"तुमचा काय संबंध? फोडला त्यांनी, लपवला त्यांनी."

"तरी माझं नाव सांग तिथे. चूक झाली तर झाली, मी कशाला तोंड लपवू?"

मी हो म्हटलं. आणि खोलीत जाऊन फोटोतून बाबांना कापलं. लेकीच्या बापानेच नारळ आणला म्हटल्यावर लोक हसले असते आणि सर सुटले असते. मला ते सुटायला नको होते.

नव्या, मोठ्या डिटेक्टरची धुरा सरांकडे द्यायची की नाही, हे ठरवणारी बैठक पुढच्याच आठवड्यात होती. मी भोकांचा हिशोब मांडला आणि फोटो पडद्यावर लावला. काय चेहरा झाला होता सरांचा! माझ्या जिवाला इतकं गार कधी वाटलं नव्हतं. सर चाचरत म्हणाले, "नारियल मैं नहीं लाया था. एक बुजुर्ग ले आए थे."

अध्यक्षांनी मला विचारलं, "कोण होते ते?"

मी म्हटलं, "माहीत नाही. असेल वर्कशॉपमधला कुणीतरी."

सरांकडून ते काम गेलं. त्यांना सगळ्यांसमोर माझी माफी मागावी लागली आणि माझं नाव पेपरवर परत आलं. मला त्यांची दया आली नाही, अजूनही येत नाही.

घरी पोचले तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. कुणी बोलावलंच तर, म्हणून सकाळपासून तसेच तयार होते. त्यांनी विचारलं, "नारळाचं विचारलं का गं कुणी?"

"विचारलं."

"मग काय सांगितलंस?"

त्यांच्याशी खोटं बोलायची हिंमत झाली नाही. जे बोलले होते तेच सांगितलं.

बाबा शर्टाची बटणं काढत म्हणाले, "बरोबरच आहे. वर्कशॉपमधलाच होतो की मी."