सबनीसांच्या चुलीतली राख

"चुलीत राख आहे आणि आम्ही ती चूल कधी पेटवतच नाही," सबनीस तिसऱ्यांदा म्हणाले.

सबनीस खोपोलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर. राहायचे खालापूरजवळच्या गावात, भाड्याच्या घरात. कंपनीने त्यांना गुजरातच्या प्लँटवर पाठवलं आणि ते सहकुटुंब गेले. परतल्यावर पाहिलं तर पुढचं कुलूप जसंच्या तसं, पण घरात धुराचा वास. त्यांचा स्वयंपाक स्टोव्हवर. मागच्या दाराची जुनी किल्ली शेजारी राहणाऱ्या घरमालकाकडे, बाळारामकडे. आपल्यामागे त्याने घर कुणाला तरी वापरायला दिलं, असा सबनीसांचा संशय होता.

कर्जतच्या वकिलांकडे मी तेव्हा ज्युनिअर होते. इंग्रजी शाळेतली असल्यामुळे मराठी मसुदा लिहिताना मला घाम फुटायचा. बाळारामला पाठवायची ही नोटीस मात्र झकास जमली होती. सरांनी सही केली. "घर बघून ये आणि तिथूनच रजिस्टर पोस्टाने पाठव. अशिलाला घाई आहे."

लिफाफा पर्समध्ये घालून मी सबनीसांबरोबर निघाले.

राख खरंच होती. पण मांडणीवरच्या भांड्यांवर धुळीचा थर होता. एकही बोट उमटलेलं नव्हतं. चुलीपुढची जमीन ताजी सारवलेली होती. इथे कुणी जेवलं असेल असं वाटेना.

तेवढ्यात मागच्या दारातून बाळारामची आई आत आली.

"कोनाची गं तू?"

"मी वकील."

"वकील? एवढीशी?" ती सबनीसांकडे वळली. "डाळ-तांदूळ मोजून घ्या हो साहेब. आमी उपाशी व्हतो ना!"

"मग चूल कोणी पेटवली?" सबनीस ओरडले.

"मी. पावसात घराला धूर नाय मिळाला तर वासे कुजतात, वाळवी लागते. आठवड्याला दोन लाकडं जाळायची नि सारवायचं. तुमाला हे ठावं नाय?"

बाळाराम दारात उभा होता. "साहेब, सात महिने घर बंद. आमी काय बघत बसायचं?"

सात महिने. नोटिशीत नेमकं हेच मी लिहिलं होतं: 'आमचे अशील सलग सात महिने सदर घरात राहत नव्हते.' तेव्हाच्या भाडे-कायद्यात भाडेकरूने योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर मालक ती परत मागू शकायचा. नोकरी हे कारण चाललंही असतं, पण ते कोर्टात सिद्ध करण्यात वर्षं गेली असती. सबनीसांचं घर घालवायला लागणारा कबुलीजबाब मी स्वतःच्या हाताने लिहून पर्समध्ये घेऊन फिरत होते.

"पोस्ट पाचला बंद होतं," सबनीस म्हणाले.

"आज पाठवत नाही," मी म्हटलं. "सरांशी बोलायचंय."

कर्जतला पोचेपर्यंत मी पर्स छातीशी धरून बसले होते.

सरांनी त्या वाक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तू लिहिलंस, मी न वाचता सही केली. फाड."

नोटीस गेली नाही. सबनीस आठवडाभर धुसफुसत राहिले. शेवटी त्यांनी मागच्या दाराला आतून कडी बसवून घेतली आणि बाहेरगावी जाताना पुढची किल्ली म्हातारीच्या हातात देऊ लागले. घर त्यांच्याकडेच राहिलं.

समोरच्याने काय केलं हे लिहिताना आपल्या अशिलाने काय केलं तेही कागदावर उतरतं. त्यामुळे अजूनही कुठलीही नोटीस मी आधी विरुद्ध बाजूची वकील होऊन वाचते. सही नंतर.